उपकारस्तुती

उपासना आणि उपकारस्तुती हे शब्द ख्रिस्ती घराण्यांत लहानपणापासून इतके कानांवर पडतात की, त्यांचा अर्थ आपणांस ठाऊकच आहे असे आपण धरून चालतो. माझेही तसेच होते. त्या समजुतीस धक्का दिला तो आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर पडून राहिलेल्या एका डब्याने.

गेल्या पावसाळ्यात मी विषमज्वराने तीन आठवडे अंथरुणास खिळलो होतो. त्या दिवसांत शेजारच्या काकू रोज मुगाचे कढण घेऊन येत. काकू आमच्या धर्माच्या नव्हेत. आपल्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावून मगच त्या आमच्याकडे येत. बरा होताच मी उपासनामंदिरात जाऊन उपकारस्तुतीचे पाकीट दानपात्रात टाकले. चिटणिसांनी नाव वाचून दाखविले, मंडळीने माझ्यासाठी प्रार्थना केली आणि मी कृतार्थ झालो.

त्या दिवशी उपदेश होता लूककृत शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांवर. दहाही जण वाटेत शुद्ध झाले, परंतु उपकार मानण्यास परत आला तो एकच, आणि तोही यहुदी ज्यांना परके मानीत अशा शोमरोनी लोकांपैकी. उरलेल्या नऊ जणांस कृतघ्न ठरवून मी आजवर मोकळा होत आलो होतो. त्या दिवशी मात्र एक विचार मनात आला. त्या नऊ जणांनी आज्ञाभंग कोठे केला होता? शुद्ध झालेल्या रोग्याने याजकास दाखवून यावे असा मोशेचा नियमच होता, आणि येशूनेही त्यांस तेच सांगितले होते. ते विधी पाळण्यासच निघाले होते. विधी चुकला नाही. मागे वळणे मात्र राहून गेले.

घरी आलो, पाणी पिण्यास आत गेलो, तो फळीवर काकूंचा डबा दिसला. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, ही आपल्याकडील जुनी रीत. काहीतरी गोडधोड करून मग द्यावा, असे आम्ही उभयता म्हणत होतो, आणि त्या म्हणण्यातच दोन आठवडे लोटले होते. रोज माझ्या उशाशी येऊन बसणाऱ्या त्या माउलीस, मी हिंडूफिरू लागल्यापासून, माझे तोंडदेखील दिसले नव्हते. देवाकडे माझे नाव पोहोचविण्याची मी व्यवस्था केली होती. ज्या हातांनी देवाने मला कढण पाजले, त्या हातांकडे मात्र पाठ फिरविली होती.

लेवीय पुस्तकाच्या 7व्या अध्यायातील एक नियम तेव्हा आठवला. उपकारस्तुतीच्या यज्ञाचे मांस त्याच दिवशी खावयाचे. सकाळपर्यंत काही ठेवावयाचे नाही. नवसाच्या यज्ञास दुसऱ्या दिवसाची सवलत आहे, ह्यास नाही. कारण तेथे दिलेले नाही. परंतु अख्खे जनावर एका घरास एका दिवसात कसे संपावे? चार माणसे पंक्तीस बोलवावीच लागणार! उपकारस्तुती साठवून ठेवता येत नाही आणि ती एकट्याने उरकताही येत नाही, हे मला त्यातून उमगले. देवाचे आभार मंदिरात मानावेतच. पण ते तेथेच संपले, तर याजकाकडे गेलेल्या त्या नऊ जणांत आपलाही एक पाय पडला, असे समजावे.

शिरा करण्याची वाट न पाहता पत्नीने डब्यात मूठभर साखर घातली आणि मी तसाच शेजारी गेलो. दारात उभे राहून दोन शब्द बोलावे आणि परतावे, असे योजिले होते. काकूंनी डबा न उघडताच बाजूस ठेवला आणि विचारले, “आता जेवण जातं ना नीट?”

ह्या प्रश्नाचे उत्तर उंबरठ्यावरून देववेना. मी आत जाऊन बसलो.