नकाराची रूपे

टोरोंटोत आमची मुले शाळेत स्पॅनिश शिकू लागली, आणि त्यांच्या वह्यांतून आम्हांसही त्या भाषेची एक रीत कळली. ‘बोल’ म्हणजे ‘आब्ला’. परंतु ‘बोलू नकोस’ म्हणजे ‘नो आब्लेस’. ‘खा’ म्हणजे ‘कोमे’. नकारात ‘नो कोमास’. आ चा ए होतो, ए चा आ. वडीलधाऱ्यांस मात्र ‘नो आब्ले’, ‘नो कोमा’ म्हणावे. दहा आज्ञांच्या हिब्रूतही नकारासाठी आज्ञार्थ नव्हे, भविष्यरूप योजले आहे. मराठीत लहानांस ‘नकोस’, थोरांस ‘नका’, सर्वांसाठी ‘नये’. इंग्रजीत या तिहींस एकच ‘डोन्ट’ पुरतो. म्हणूनच आमच्या घरांत नातू आजोबांस ‘जाऊ नको’ म्हणू लागले आहेत. स्पॅनिशमधील अदब शाळा शिकवील. मराठीतील अदब आपण घरीच शिकविली पाहिजे.