तेरा फुटांचे बिऱ्हाड

दिवाळीच्या तोंडावर घरोघर माळे उपसले जातात. फुटका पाट, दांडा गेलेली कढई, कुणाच्या तरी बारशाचा पाळणा, एकेक वस्तू खाली येते, झटकली जाते आणि "असू दे, लागेल कधीतरी" या मंत्राने पुन्हा वर चढते. आपले संसार या 'कधीतरी'वरच उभे असतात. पण ज्या घराला माळाच नाही, त्याने काय करावे? असे एक घर मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिले आणि त्यात पाच रात्री काढल्या.

माझे थोरले बंधू बरीच वर्षे अमेरिकेत, मिनिआपोलिसला असतात. त्यांच्याकडे मोटारीच्या मागे जोडून न्यायचे, चाकांवरचे एक घर आहे. पुढच्या दांडीसकट लांबी तेरा फूट. त्याच राज्यातल्या बॅकस नावाच्या लहानशा गावी १९७१ सालापासून अशी घरे तयार होतात. फायबरग्लासचे वरचे अर्धे आणि खालचे अर्धे कवच वेगवेगळ्या साच्यांत घडवायचे आणि मधोमध जुळवून टाकायचे. आपण करंजी मिटतो तसे. आत एक टेबल, दोन बाके, शेगडी आणि परातीएवढे बेसिन. रात्री टेबल खाली उतरवून बाकांच्या मधे बसवले की पलंग तयार.

या घराचे मला कौतुक वाटायला हवे होते. पण आम्हा भावांत दोन वर्षे अबोला होता. गावचे घर विकले, त्याचा. दादाला ते राहायला हवे होते आणि मला ते सांभाळणे झेपत नव्हते. दोघांचेही खरे होते, म्हणूनच तर भांडण मिटत नव्हते. शेवटी वहिनींनी परस्पर माझे तिकीट काढले आणि मी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी, करंजीत सारण भरावे तसे आम्हा दोघांना त्या घरात भरून इटास्काच्या जंगलाकडे रवाना केले.

सामानाची यादी दादाने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. पहिल्या ओळी गाडी जोडण्याच्या. दांडीखालून दोन साखळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून घ्यायच्या. जोड निसटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता त्या साखळ्यांच्या झोळीत पडते. घराच्या वजनातले शेकडा दहा ते पंधरा दांडीवर यायला हवे. सामान मागे जास्त भरले, तर भर वेगात घर शेपटीसारखे डोलू लागते. आमच्या आजोबांची बैलगाडी उलाळली की जू वर जाई आणि बैलांच्या गळ्याशी फास बसे. शास्त्र तेच; बैल तेवढे बदलले.

तळावर पोचल्यावर घर मागे रेटून जागी बसवायचे असते, आणि चालवणाऱ्याला मागचे धड दिसत नाही. म्हणून एकाने मागे उभे राहून हात करायचे आणि ओरडायचे. "डावीकडे. अजून. थांबा!" दोन वर्षांतले आमचे पहिले सलग संभाषण ते हेच.

मग चाकांना पाचरी. त्या लावल्याशिवाय मोटार सोडायची नाही, हा नियम. पण त्याआधी चाकाखाली ठोकळे सरकवून घर सपाटीला आणायचे. त्यासाठी यादीत चक्क गवंड्याची पाणसळ होती! मला हसू आले, तेव्हा दादाने मास्तरकी माझ्यावरच उलटवली. आतला फ्रिज गॅसवर चालतो. त्याला पंप नाही. अमोनियाचे द्रावण उताराने आपोआप फिरत राहते. घर कलले की ते एका जागी तुंबते आणि दूध नासते. बुडबुडा मधोमध आला, तेव्हा आम्ही दोघांनी एकाच वेळी "हां!" म्हटले.

पुढची यादी रक्षणाची. विजेचा झटका अडवणारी डबी आधी खांबाला, मग तिला घराची वायर. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी आणि वेगळी. सांडपाण्याच्या नळीशी तिची गाठ पडता कामा नये. आपल्याकडचे सोवळे-ओवळे म्हणा ना! भिंतीवर विषारी वायूची सूचना देणारी घंटी, आणि तरीही शेगडी पेटवली की खिडकी उघडी ठेवायचीच. शेकोटीची लाकडे मात्र यादीत नव्हती. घरचे लाकूड तिथे नेता येत नाही. अ‍ॅशची झाडे पोखरणारा एक हिरवा भुंगा २००९ साली त्या राज्यात सापडला, आणि तो लाकडातूनही प्रवास करतो. सरपण विकत घ्यायचे ते परवानगीचे, जवळपासचे.

बाकी सामान थोडे, पण प्रत्येक वस्तूला दोन कामे. बादली घडी होणारी, पातेली एकात एक बसणारी. वहिनींनी दिलेला पोळपाट बेसिनवर ठेवला की ओटा होई. मिठाचा डबा माझ्या डोक्यामागे, काडेपेटी दादाच्या. एकाने उठायचे तर दुसऱ्याने पाय वर घ्यायचे. मोठ्या घरात अबोला ठेवायला खोल्या असतात. इथे एकच फडताळ होते आणि त्यात डाळ-तांदूळ होते.

तिसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर दादाने विचारले, "माजघरातला झोपाळा कुणी नेला रे?"

"आपल्या गवळ्यानं. त्याची नातवंडं बसतात."

बाहेर डासांचे संगीत चालले होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बरं झालं. कड्या करकरतात अजून?"

"करकरतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही मिसिसिपीचा उगम पाहिला. पुढे अजस्र होणारी ती नदी इटास्का सरोवरातून बाहेर पडते, तेव्हा दगडांवर पाय देत पोरेही ती ओलांडतात. १८३२ साली ओझाविंडिब या ओजिब्वे वाटाड्याने स्कूलक्राफ्ट नावाच्या अमेरिकन माणसाला तिथे नेले. त्याने 'सत्य' आणि 'शिर' या अर्थांचे 'व्हेरितास कापुत' हे दोन लॅटिन शब्द घेतले, पुढचे-मागचे छाटले आणि मधल्या अक्षरांचे 'इटास्का' केले. लहान घरात सामान भरायची हीच रीत, असे मला वाटून गेले.

परतल्यावर दादाने पेन्सिल घेतली. प्रवासात ज्याला हात लागला नाही, ते यादीतून खोडायचे, हा त्याचा शिरस्ता. अपवाद दोनच: आग विझवायचे नळकांडे आणि औषधांची पेटी. त्या पडून राहिल्या यातच समाधान. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला. वहिनींना जंगलाची हौस नाही, तो नेहमी एकटाच जातो. त्यामुळे तिथे लिहिले होते, 'घडीची खुर्ची – १'. माझ्यासाठी त्याने वाटेत दुसरी विकत घेतली होती.

त्याने त्या एकाचे दोन केले आणि कपाटाचे दार लावले.