बनवलेला बर्फ आणि आपली जिवाणी



परदेशातली नातवंडं धर्मावर प्रश्न विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता, असं तुमच्यापैकी दोघीतिघींनी मला विचारलं होतं. आज त्यातला एकच प्रश्न घेते, पण नीट घेते.

प्रश्न माझ्या नातवाचा, म्हणजे लेकीच्या मुलाचा. तो बोस्टनजवळ वाढला. नॉरवूडच्या जैन मंदिरातल्या पाठशाळेत गेला. आता कॉलेजात आहे. मागच्या हिवाळ्याच्या सुट्टीत त्याला एका स्की रिसॉर्टवर रात्रपाळीचं काम मिळत होतं. काम काय, तर डोंगरावरच्या सगळ्यात कठीण उतारांवर यंत्राने बर्फ पाडायचा. होकार कळवायच्या आधी त्याने फोन केला, "आजी, हा अनर्थदंड होतो का?"

लेकीला त्याच्या हातापायांची काळजी होती, जावयांना रात्रीच्या थंडीची. विहीणबाई म्हणाल्या, "पाप आहे, नको." मी म्हटलं, "मला दोन दिवस दे बाळा. आधी काम समजून घेऊ दे."

प्रश्न सोपा नव्हता. आपल्याकडे पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही, तो अप्काय जीव आहे. आपण दुहेरी कपड्याने पाणी गाळतो आणि गाळलेलं पाणी 48 मिनिटांनी पुन्हा गाळतो. बावीस अभक्ष्यांच्या यादीत बर्फही आहे आणि गाराही आहेत. माझी आई अकोल्याच्या घरी पाणी गाळल्यावर गाळणं उलटं करून धुवायची आणि ती जिवाणी हळूच परत विहिरीत सोडायची. जीव जिथले तिथे गेले पाहिजेत, एवढंच ती सांगायची. अशा घरातल्या मुलाने लाखो लिटर पाणी फवारून गोठवायचं, म्हणजे विचार करायलाच हवा.

आता हे काम होतं कसं, ते सांगते. तुम्हा-आम्हाला ते कूलरवरून पटकन कळेल. मे महिन्यात अकोल्याची हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून कूलर खोली गार करतो. तोच कूलर जुलैत लावला तर नुसता दमटपणा येतो. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेऊन जातं, आणि हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. बर्फाच्या यंत्राचंही असंच. त्याला तिकडे स्नो गन म्हणतात. त्यातून दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र बाहेर फेकतात. दाबातून सुटलेली हवा एकदम थंड होते, पाण्याचे बारीक थेंब होतात, थोडी वाफ उडून जाते आणि उरलेला थेंब जमिनीवर पडेपर्यंत गोठतो. हवा कोरडी असेल तर पारा शून्याच्या किंचित वर असतानाही हे जमतं. दमट असेल तर शून्याखाली एक अंश असूनही चिखल पडतो.

ही युक्ती 1950 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात पहिल्यांदा जमली. वेन पियर्स आणि त्याचे दोन भागीदार स्की बनवायचे. त्या वर्षी बर्फच पडला नाही, धंदा बसला. तेव्हा त्यांनी रंग फवारायचा कॉम्प्रेसर आणि बागेतला पाइप जोडून बर्फ पाडला. 1954 मध्ये त्याचं पेटंट मिळालं.

मी स्वतः हे पाहिलेलं आहे. एका वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी लेकीकडे होते, तेव्हा व्हरमाँट राज्यातल्या किलिंग्टनला गेलो होतो. सगळा डोंगर मातकट, झाडं निष्पर्ण, आणि मधोमध वरून खाली एकच पांढरा पट्टा. त्या उताराचं नाव सुपरस्टार. 2016 पासून तिथे बायकांच्या विश्वचषकाच्या स्की शर्यती झाल्या आहेत. तो बर्फ आभाळातून आलेला नव्हता, बहुतेक सगळा पाडलेला होता. शर्यतीनंतरही तिथे ढिगावर ढीग रचत राहतात, कारण मे महिन्यापर्यंत तो उतार चालू ठेवायचा असतो.

तिकडे उतारांना खुणा असतात. सोप्याला हिरवं वर्तुळ, मध्यमाला निळा चौकोन, कठीण उताराला काळा हिरा आणि अतिकठीणाला दोन काळे हिरे. सोप्या उतारावर थोडका थर चालतो. काळ्या हिऱ्यावर चालत नाही. उभ्या चढणीवर माणसं वळताना स्कीच्या कडेने बर्फ खरवडतात आणि तो सगळा खाली घसरतो. वर खडक उघडे पडतात आणि पडणाऱ्याचं डोकं खडकावर आपटतं. म्हणून तिथे तळाचा थर जाड आणि जरा ओलसर पाडतात, म्हणजे तो धरून राहतो. त्यावर कोरडा. पडतोय तो बर्फ बरोबर आहे का, हे कामगार बाही पुढे धरून बघतात. बाहीवरून उडाला तर कोरडा, चिकटून भिजवलं तर ओला. बर्फ सारखा करणारं यंत्रसुद्धा अशा उतारावर वरून तारदोराने बांधून उतरवतात. आणि हे कामगार पायात खिळ्यांचे पट्टे बांधून, रात्री, जड पाइप ओढत फिरतात. लेकीची काळजी काही उगाच नव्हती.

मग मी वही घेतली. बी.कॉम. केलेलं आहे, त्यामुळे जमाखर्च मांडल्याशिवाय मला काही सुचत नाही. एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. त्यावर 30 सेंटिमीटरचा थर द्यायचा तर 1,214 घनमीटर बर्फ लागतो. एक घनमीटर, म्हणजे 1,000 लिटर पाण्याचा साधारण अडीच घनमीटर यंत्राचा बर्फ होतो. हिशेब पावणेपाच-पाच लाख लिटरचा येतो. दहा हजार लिटरचे जवळपास 49 टँकर, एका एकराला. कठीण उताराचा थर याच्या दुप्पट-तिप्पट धरा.

बाई गं! खारपाणपट्ट्यातल्या बायकांना विचारा एक टँकर म्हणजे काय ते. आकडा बघून मीही विहीणबाईंच्याच बाजूची झाले होते.

पण जमाखर्चाला दुसरी बाजू असते. हे पाणी जातं कुठे? वसंत ऋतूत बर्फ वितळतो आणि बरंचसं पाणी त्याच डोंगराच्या ओढ्यांतून खाली उतरतं. काही उडून जातं, पण बहुतेक परत येतं. म्हणजे आपल्या जिवाणीसारखंच, जिथलं तिथे. खरा त्रास घेण्याच्या वेळेचा असतो. हिवाळ्यात ओढ्यांना आधीच पाणी कमी असतं आणि नेमकं तेव्हाच ते उपसलं तर त्यातले मासे, किडे जगणार कशावर? म्हणून उन्हाळ्या-पावसाळ्यात तळं भरून ठेवणं बरं.

आणि त्या तळ्याचीही एक गोष्ट आहे. ही किलिंग्टनचीच. त्यांना बर्फासाठी आणखी एक तळं बांधायचं होतं, पार्कर्स गोर नावाच्या रानात. त्या रानात बीचची झाडं आहेत आणि हिवाळ्याआधी काळी अस्वलं त्या झाडांचे दाणे खाऊन अंगात चरबी साठवतात. तळ्याने आणि त्याच्या रस्त्याने अस्वलांचा हा ठेवा जाईल म्हणून राज्याच्या पर्यावरण मंडळाने परवानगी नाकारली. प्रकरण वर गेलं आणि 1992 मध्ये व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. पुढे पाण्याची सोय दुसरीकडच्या जलाशयातून झाली. त्या न्यायाधीशांनी आपलं शास्त्र काही वाचलं नसेल. पण माणसाच्या खेळासाठी प्राण्याच्या तोंडचा घास काढायचा नाही, हे त्यांनी मानलं. हे वाचून मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र अजिबात पटली नाही. थेंब लवकर गोठावा म्हणून काही ठिकाणी पाण्यात एक भुकटी घालतात. स्यूडोमोनास सिरिंजी नावाचे जिवाणू वाढवून, मारून, सुकवून ती बनवलेली असते. हे जिवाणू म्हणजे आपली जिवाणी नव्हे हं, सूक्ष्म जंतू. मुद्दाम वाढवायचे आणि मारायचे, ही तर सरळ संकल्पी हिंसा झाली.

बर्फाची ही गरज आपल्या देशातही आहे. बद्रीनाथला अष्टापदाच्या दर्शनाला गेलेल्यांनी वाटेत जोशीमठ पाहिलं असेल. त्याच्या वर औली. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी तिथे बर्फाची यंत्रं आणि कृत्रिम तळं केलं. तरी 2023 च्या फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून तिथल्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्या. यंत्र पाण्याचा बर्फ करतं, पण थंडी कुठून आणणार? ती निसर्गानेच द्यायची.

दोन दिवसांनी नातवाला फोन केला. म्हटलं, "बाळा, श्रावकाला चार प्रकारची हिंसा सांगितली आहे. त्यातली संकल्पी पूर्ण सोडायची. आरंभी, उद्योगी आणि विरोधी संसारात सुटत नाहीत, तिथे यतना पाळायची. तुझं काम उद्योगी खात्यात पडतं. पण बिनकारण पाणी सांडणं अनर्थदंडातच मोडतं, आणि हा सगळा खटाटोप शेवटी खेळासाठी आहे, हेही खरं. म्हणून मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तीन गोष्टी विचारून ये. पाणी कुठून घेतात? कोणाच्या वाट्याचं घेतात? त्यात ती भुकटी घालतात का?"

त्याने खरंच विचारलं. पाणी उन्हाळ्यात भरलेल्या तळ्याचं होतं, भुकटी वापरत नव्हते. त्याने एका हंगामापुरतं काम घेतलं. दर आठवड्याला फोन करायचा. एकदा म्हणाला, "आजी, पाइपाच्या जोडावर पाणी गळून नुसतं वाया जातं. मी फेरीत आधी ते जोड बघतो." मुकादमाला वाटायचं पोरगा कामसू आहे. मला काय वाटलं ते तुम्हाला सांगायला नको.

विहीणबाईंचं मत अजून तेच आहे आणि मी ते बदलायला गेलेले नाही. त्यांनी पाणी जपलं, मीही जपलं, वाट वेगळी. या हिवाळ्यात तो पुन्हा जाणार का, ते त्याने अजून ठरवलेलं नाही. ठरवताना वही काढतो म्हणाला.

उन्हाळा तोंडावर आलाय. कूलर काढाल तेव्हा टाकीचा फ्लोट बघून घ्या, रात्रभर पाणी वाहत राहतं आणि सकाळी अंगणात डबकं दिसतं. तुमच्या नातवंडांनी असा काही प्रश्न विचारला असेल तर मला जरूर कळवा. उत्तर आलं नाही तर दोन दिवस मागून घ्यायचे, त्यात काही कमीपणा नाही.

जय जिनेंद्र.