सामासिक अंतर

सरकारी चाकरीत घर मिळते, अंगण मिळते, क्वचित् दोन आंब्यांची सावलीही मिळते. मिळत नाही तो फक्त बांध. बंगल्याचे कुंपण सार्वजनिक बांधकाम खात्याचे, कुंपणाची मेंदी माळ्याच्या मर्जीतली, आणि त्या मेंदीआड राहणारे आम्ही बदलीच्या हुकुमाचे ताबेदार. ज्या कोकणी घराण्यात वीतभर गडग्यासाठी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या, त्याच घराण्यातले आम्ही चौतीस वर्षे कोणाशीही हद्दीवरून भांडलो नाही. हे सौजन्य नव्हते. भांडणाला लागणारे भांडवलच आमच्यापाशी नव्हते.

निवृत्तीनंतर उत्तरेतील एका शहरात लहानसा भूखंड घेऊन आम्ही घर बांधले, आणि ते भांडवल हाती आले. शहराचे नाव सांगत नाही. सांगितले तर शेजारी ओळखू येतील, आणि शेजारी सज्जन आहेत.

नकाशावर आमच्या हद्दीच्या आत आणखी एक तुटक रेघ होती. तिच्या आत बांधा, तिच्या बाहेर मोकळे ठेवा, असा तिचा अर्थ. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जमिनीवर स्वतःच काही उभारू नये, हे प्रथमदर्शनी चमत्कारिकच वाटते. महाराष्ट्रातील नगररचना कार्यालये या मोकळ्या पट्टीला 'सामासिक अंतर' म्हणतात. शब्द मोठा मार्मिक आहे. शाळेत मास्तर पानाला समास सोडायला लावीत. पान आपले, शाई आपली, पण समास दुसऱ्याच्या शेऱ्यासाठी राखलेला. पुढे कचेरीतही तोच समास राहिला. शेरा मारणारे तेवढे बदलले.

१९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय इमारत संहितेने या समासाची मापे घालून दिली आहेत. घरामागे सरासरी ३ मीटर जागा मोकळी असावी आणि कोठेही ती १.८ मीटरहून कमी नसावी. पुढची जागा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वाढत जावी. मोकळ्या जागेवर छज्जा काढायचा तर तो पाऊण मीटरच्या पुढे जाऊ नये. कुंपणाची भिंत दीड मीटर उंच, २.४ मीटरपर्यंत न्यायची असेल तर वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा हवा. म्हणजे शेजाऱ्याचे तोंड दिसू नये इतकी भिंत उंच करा, पण त्याचा वारा अडवू नका. ही संहिता शिफारशीच्या स्वरूपाची. स्थानिक संस्था आपापल्या नियमांत ती फेरफार करून घेतात. हेतू मात्र सर्वत्र एकच: उजेड, वारा, आगीच्या वेळी माणसाला वाट आणि पाण्याला उतार.

हा हेतू विलायतेहून आलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, शेजारच्या दोन घरांत किती अंतर असावे आणि सांडपाणी कसे वाहून न्यावे याचे नियम आहेत, आणि मोडणाऱ्याला दंडही आहे. दोन घरांच्या वळचणींत चार अंगुळे अंतर ठेवावे, नाहीतर एक दुसरीवर चढवावी, इतक्या बारकाईने तो लिहितो. आमच्या कोकणात पागोळ्या कोणाच्या अंगणात पडतात यावरून जन्माची वैरे झाली. त्यांची नोंद या ग्रंथकाराने आधीच घेतली होती म्हणावयाचे. पण आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची पुढची तरतूद: घरमालकांनी एकत्र येऊन वाटेल तशी रचना करावी, मात्र अनिष्ट ते टाळावे.

या तरतुदीची कसोटी आमच्यावर २०१७ च्या उन्हाळ्यात आली. आमच्या मागच्या शेजाऱ्यांच्या वृद्ध मातोश्रींना जिना चढवेना. तळमजल्यावर खोली नव्हती. मागच्या ३ मीटरांत एक खोली काढावी आणि आम्ही हरकत घेऊ नये, अशी विनंती घेऊन ते गृहस्थ आले. आम्हांला 'भाईसाहब' म्हणतात. बोलताना त्यांचा कंठ दाटला होता.

कायदा आम्हांला पाठ होता. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे उजेडावर वहिवाटीचा हक्क सांगायचा तर वीस वर्षांचा अखंड उपभोग लागतो. आमच्या घराला दहाही झाली नव्हती. स्वयंपाकघरातला सकाळचा प्रकाश राखणारी होती ती केवळ नकाशावरची तुटक रेघ. दोन्ही घरांचे सांडपाण्याचे नळही त्याच पट्टीखालून जात होते. फाइल असती तर एका ओळीत निकाल लागला असता. परंतु फाइलीला आई नसते.

आम्ही नाही म्हटले. मात्र नुसते नाही म्हणून थांबलो नाही. कौटिल्याचा सल्ला मानून त्यांच्या घरी नकाशा पसरून बसलो. शेवटी पुढची बैठकीची खोली मातोश्रींना द्यावी आणि पायऱ्यांशेजारी उतार करावा असे ठरले. याची किंमत त्या कुटुंबाने मोजली: नातवाचा अभ्यास व्हरांड्यात गेला, पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही. दोन महिने आमच्याकडे पाहून कोणी हसले नाही. आम्ही तेही रास्तच मानले.

थंडी पडली तेव्हा दुपारी त्या मोकळ्या पट्टीत खाट आली आणि मातोश्री उन्हात येऊन बसू लागल्या. उत्तरेतल्या पौषात वृद्ध हाडांना उन्हाची किंमत काय असते, हे तिकडे नोकरी केलेल्यांना सांगायला नको. भिंतीलगतचा आमचा कढीलिंब तोवर पलीकडे झुकला होता. इंग्रज न्यायाधीशांनी १८९४ साली ठरविले की, हद्दीवर आलेली फांदी शेजाऱ्याने हद्दीपर्यंत खुशाल कापावी. १९१९ साली ठरविले की, फांदी कापली तरी फळ मात्र झाडाच्या धन्याचेच. पानांविषयी त्यांनी काय म्हटले असते कोण जाणे. मातोश्रींनी एके दिवशी खाटेवरूनच विचारले, ही पाने कशात घालतात? त्या संध्याकाळी आमच्याकडून आमटीची वाटी भिंतीवरून पलीकडे गेली, आणि दुसऱ्या दिवशी ती वाटी सरसोंची भाजी घेऊन परत आली.

मातोश्री २०२१ साली गेल्या. खाट आता तेथे नसते. पट्टी मोकळीच आहे. बैठकीची खोली नातवाला मिळाली. कढीलिंबाला मात्र त्या घरच्या सूनबाई विचारल्यावाचून हात लावतात, आणि आमच्या मंडळींची त्याला ना-हरकत आहे.