धानाच्या गावातला फोन

धानाचे चुकारे खात्यावर जमा झाले, की आठ-दहा हजारांचा हा फोन घरात येतो. दुकान गोंदियाच्या बाजारातलं असेल, नाहीतर आमगाव, तिरोडा किंवा अर्जुनी मोरगावचं. पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू लागतं, देवासमोर ठेवतात, आणि मग तो घरातल्या सगळ्यांचा होतो. कागदोपत्री तो म्हाताऱ्या धन्याचा असतो, कारण सिमकार्ड त्याच्या आधारवर घेतलेलं असतं. प्रत्यक्षात सकाळी तो सुनेच्या हातात असतो, शाळा सुटली की नातवंडांच्या आणि रात्री जो जागा राहील त्याच्या.

रोवणीच्या दिवसांत तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कंबरेला खोवलेला असतो. बांदीत उभ्या बायका परे लावत असतात आणि धुऱ्यावर ठेवलेल्या डब्याशेजारी तो वाजत असतो. वर्षभरात त्याच्या काचेवर एक तडा येतो, कॅमेऱ्यावर धूसर पडदा येतो, आवाजाचं बटण आत जातं. मागच्या कव्हरात आधारची झेरॉक्स आणि खरेदी केंद्राची पावती. सालेकसा, देवरीकडच्या जंगलपट्टीत त्याला रेंज कुठे मिळते हे घरातलं पोरगंही सांगतं; बहुतेक गावांत ती जागा तलावाच्या पाळीवर असते. या फोनला मी श्रीमंतांच्या फोनचा गरीब भाऊ मानत नाही. तो जेवढं काम करतो तेवढं शहरातला महागडा फोन करत नाही. त्याच्यावर घराचा पैसा येतो, मुलीची शिष्यवृत्ती कळते, दवाखान्याचा रिपोर्ट उघडतो, आणि नागपूर-पुण्याकडे कामाला गेलेल्या मुलाचा चेहरा दिसतो.

त्याच्या स्वभावातली पहिली अडचण त्याच्या जन्मातच आहे. नवा फोन सुरू करताना तो खातं मागतो. घरात कुणाचंच खातं नसतं, म्हणून दुकानदार पाच मिनिटांत एक उघडून देतो. नाव धन्याचं, पासवर्ड दुकानदाराच्या डोक्यातला. पुढे दोन-तीन वर्षांनी फोन अडकला, कुणीतरी सगळं पुसून नव्याने सुरू केला, की तो त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. चोराने पळवलेला फोन त्याच्या कामी येऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण ज्याने आपलं खातं कधी उघडलंच नाही, त्याला स्वतःच्याच फोनच्या दारात उभं राहावं लागतं. मग पुन्हा दुकान, पुन्हा दोन-तीनशे रुपये.

दुसरी अडचण ऑगस्टमध्ये दिसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठी बांधावर येऊन पीक लिहीत असे. आता शेतकऱ्याने आपल्या गटात उभं राहून ॲपवर फोटो काढायचा आणि पिकाची नोंद करायची. ही नोंद सातबाऱ्यावर चढली नाही, तर आधारभूत केंद्रावर धान विकायची ऑनलाइन नोंदणी अडते. शासनाने नोंदणी केलेल्या धान उत्पादकांना प्रोत्साहन म्हणून आधी हेक्टरी १५ हजार आणि नंतर २० हजार रुपये जाहीर केले. दोन हेक्टरांच्या मर्यादेत ही रक्कम गोंदिया-भंडाऱ्याच्या लहान शेतकऱ्यासाठी वर्षाच्या हिशेबात मोठी आहे. म्हणजे घराचं वर्ष या फोनच्या एका फोटोवर येऊन थांबतं. गावोगावी मदतीला सहायक नेमलेले असतात, हे खरं. तरी पहिला प्रयत्न घरच्याच फोनवर होतो.

ॲप घ्यायला प्ले स्टोअर उघडायचं. हंगाम बदलला की बहुधा नवी आवृत्ती घ्यावी लागते. आणि फोन सांगतो, जागा नाही.

३२ जीबीचा फोन असतो. त्यातली बरीच जागा कारखान्यातूनच भरून आलेली. वर घरातल्या लग्नाचे व्हिडिओ, पोरांच्या अभ्यासाचे फोटो आणि रोज सकाळी येणारी फुलांची, देवांची चित्रं. मग फोन सेवा केंद्रावर जातो आणि तिथला पोरगा एकेक पुसायला लागतो. काही ॲपांवर बोट दाबून धरलं की ती काढून टाकता येतात. काहींवर तो पर्यायच येत नाही. फक्त ‘बंद करा’ असं येतं. बंद केलं तर ते पडद्यावरून जातं, नंतर भरलेली थोडी जागा सुटते, पण कारखान्यातून आलेला मूळ भाग जागच्या जागी राहतो. म्हातारा विचारतो, “आपलाच फोन हाय ना गा बाबू, मंग आपल्याला काहून काढता येत नाही?” पोरगा म्हणतो, “कंपनीचं हाय काकाजी, ते निघत नाही.” शेवटी लग्नाचा व्हिडिओ पुसला जातो.

म्हाताऱ्याचा तो प्रश्न दिल्लीत भारतीय स्पर्धा आयोगासमोर गेलेला आहे, हे गोंदियात फार थोड्यांना माहीत असेल. तो कुठल्या मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीने नेला नव्हता. उमर जावीद, सुकर्मा थापर आणि आकिब जावीद या तिघा तरुणांनी, अँड्रॉइडचे वापरकर्ते म्हणून, २०१८ साली गूगलविरुद्ध माहिती दाखल केली. एप्रिल २०१९ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२२ ला निकाल आला: गूगलने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, दंड १३३७ कोटी ७६ लाख रुपये. पाचच दिवसांनी प्ले स्टोअरवरच्या बिलिंगच्या अटींबद्दल आणखी ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड झाला.

निकालातली गोष्ट समजायला अवघड नाही. अँड्रॉइड ही प्रणाली फोन बनवणाऱ्यांना फुकट मिळते. पण प्ले स्टोअर फुकटात सुटं मिळत नव्हतं. ते हवं असेल तर करार करायचा, आणि करारात गूगलचा सगळा संच फोनवर आधीच भरायचा, तोही ठळक जागी: सर्च, क्रोम, यूट्यूब, मॅप्स, जीमेल. ज्या फोनवर प्ले स्टोअर नाही तो फोन भारतात कोण घेणार? त्यामुळे बनवणाऱ्याला पर्याय उरत नव्हता. बनवणाऱ्यालाच नव्हता, तर विकत घेणाऱ्याला कुठून असणार?

इथे कायद्याची एक बाजू नीट ध्यानात घ्यायला हवी. २००२ चा स्पर्धा कायदा मोठं होण्याला गुन्हा मानत नाही. चांगला माल करून कुणी बाजार जिंकला, तर कायदा त्याच्या आड येत नाही. कलम ४ अडवतं ते वर्चस्वाच्या गैरवापराला. आणि वर्चस्व आहे की नाही हे ठरवताना ज्या गोष्टी पाहायच्या, त्यात ग्राहक त्या उद्योगावर किती अवलंबून आहेत हीही एक आहे. बांदीत फोटो काढायला उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचं अवलंबित्व कुणी मोजलं, तर ते किती भरेल?

कंपनीचं म्हणणंही मी हलकं समजत नाही. अँड्रॉइड फुकट आहे म्हणूनच फोन स्वस्त आहे, हा तिचा मुद्दा होता, आणि सगळा संच एकत्र असल्याने ॲपं सगळ्या फोनांवर सारखी चालतात, हाही. ते खोटं नाही. हा आठ-दहा हजारांचा फोन धानाच्या गावात पोचला त्यात त्या फुकट प्रणालीचा वाटा आहे. शिवाय फोनमधले सगळेच न जाणारे पाहुणे गूगलचे नसतात. फोन बनवणाऱ्याचे स्वतःचे असतात, त्याने पैसे घेऊन बसवलेले असतात. पण स्वस्त दिलं म्हणून कायमची अट घालायचा हक्क मिळतो का, इथे माझं मन कंपनीच्या बाजूने जात नाही. फोनचे पैसे रोख मोजलेले असतात.

हा वाद जगाला नवा नाही. १९९८ साली अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला तेव्हाही विंडोजला बांधलेल्या इंटरनेट एक्सप्लोररचा प्रश्न होता, आणि तो विंडोजचाच भाग आहे असं कंपनी म्हणत होती. २००० साली न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन भाग करायचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी अपिलात तो हुकूम टिकला नाही, मक्तेदारी टिकवण्यासाठी केलेल्या गैरप्रकारांचा ठपका मात्र राहिला. त्याच २००१ सालापासून आपल्याकडे एमएस-सीआयटीचे वर्ग भरू लागले. संगणक शिकणं म्हणजे विंडोज आणि वर्ड शिकणं, अशी आपल्या एका पिढीची समजूत होऊन बसली. ती पिढी आज तहसीलमध्ये आणि सेवा केंद्रांत बसलेली आहे. फोन म्हणजे गूगलचा हा संच, ही समजूत तिच्या मुलांच्या मनात तशीच उतरली.

आयोगाच्या निर्देशांत या फोनच्या मालकासाठी सरळ लिहिलेली एक ओळ होती: आधीच भरलेली ॲपं काढून टाकायला वापरकर्त्याला अडवू नये. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देशांना स्थगिती द्यायला नकार दिला. त्यानंतर गूगलने भारतात काही बदल जाहीर केले. फोन बनवणाऱ्यांना सुटी ॲपं घेता येतील, वापरणाऱ्याला सर्च इंजिन निवडता येईल. पण २९ मार्च २०२३ ला राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड पूर्ण कायम ठेवताना चार निर्देश रद्द केले, आणि ॲप काढून टाकण्याचा निर्देश त्या चारांतला एक होता. ॲप बंद करता येतं, तेवढं पुरे, असा त्यामागचा विचार. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

‘बंद करता येतं’ हे उत्तर १२८ जीबीच्या फोनला पुरतं. ३२ जीबीच्या फोनला ते पुरत नाही, कारण तिथे प्रश्न जागेचा असतो, डोळ्यांसमोरून हटवण्याचा नसतो. निकाल लिहिताना कुणाचा फोन समोर होता, हे मला विचारावंसं वाटतं. आणि दंडाची रक्कम जाते भारताच्या संचित निधीत. ते योग्यच आहे, पण त्यातून या फोनमध्ये एक जीबीही मोकळा होत नाही.

मालकी एकाची आणि गरज सगळ्यांची, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्याला दुसऱ्या रूपात फार पूर्वीपासून माहीत आहे. इथले तलाव मालगुजारांचे होते. कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले, आजही मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाणारे. तलाव मालगुजाराचा होता हे कुणी नाकारत नव्हतं. पण गावाचे हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवलेले असत: गुरं पाण्यावर न्यायची, घरच्या गरजेचं पाणी घ्यायचं, गवत, जळण. त्याला निस्तार म्हणत. ज्याच्यावाचून गावाचं चालत नाही अशी वस्तू एकाच्या ताब्यात असेल, तर मालकी त्याची राहील, पण वहिवाट गावाची लिहून ठेवली जाईल, हा त्यामागचा न्याय. मालगुजार मोडत नसत असं नाही, तंटे होत. पण तंटा करायला कागद होता. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि निस्ताराच्या नोंदी महसुली कागदांत पुढे चालत राहिल्या.

या फोनला असा कागद नाही. फोन सुरू करताना ‘मान्य आहे’वर दाबलेलं बोट हा एकच कागद, आणि त्यात सगळी कलमं एका बाजूची. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. मोठ्या डिजिटल कंपन्यांनी काय करायचं नाही हे गैरवापर घडायच्या आधीच ठरवून द्यावं, असा त्याचा रोख आहे. मला तो निस्ताराच्या जवळचा वाटतो. नुकसान झाल्यावर पाच-सात वर्षं खटला चालवण्यापेक्षा हक्क आधी लिहिलेला बरा. लहान भारतीय कंपन्याही या कचाट्यात सापडतील अशी भीती काहींनी मांडली आहे, तिचा विचार व्हावा; पण त्या भीतीपायी मसुदा कपाटात पडून राहू नये.

दिल्लीत जे व्हायचं ते होईल. मुंबईत मात्र एक गोष्ट उद्या होऊ शकते आणि तिला कुठल्या न्यायालयाची परवानगी लागत नाही. ज्या नोंदीवाचून आधारभूत केंद्रावर धान विकता येत नाही, ती नोंद करण्यासाठी एका खासगी कंपनीचं खातं असणं ही अट महसूल खात्याने ठेवू नये. ई-पीक पाहणीचं ॲप शासनाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनही खात्रीने घेता यावं, तलाठी कार्यालयात ते फोनवर भरून मिळावं, आणि ते इतकं हलकं असावं की त्यासाठी घरातलं लग्न पुसावं लागू नये. ग्रामसभा असा ठराव करू शकते.

आणि स्पर्धा आयोगाकडे जायचंच असेल, तर कलम १९ प्रमाणे कोणतीही व्यक्ती, ग्राहक किंवा त्यांची संघटना माहिती दाखल करू शकते. एकट्या माणसासाठी शुल्क ५ हजार रुपये आहे. २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे साधारण धानाच्या २३६९ रुपये क्विंटलने, ते दोन क्विंटलांहून थोडं जास्त होतं. अर्जुनी मोरगाव किंवा आमगावच्या धान उत्पादकांच्या एखाद्या संस्थेला हे परवडण्यासारखं आहे, आणि अर्जासोबत पुरावा म्हणून जोडायला हाच फोन पुरेल.