‘आठशे’ विकायची नाही!

‘अगं, भंगारात काढ की आता तो डबा!’ हे वाक्य मी महिन्यातून दोनदा तरी ऐकते. बोलणारे असतात हप्त्यांवर चकाचक एसयूव्ही घेतलेले माझे मित्र. आणि डबा म्हणजे आमची मारुती ८००. मॉडेल २००५, पासिंग एमएच ०६, मुक्काम पोस्ट रेवदंडा.

तसं मित्रांचं गणित चुकीचं नाही. वर्षभरात क्लच प्लेट, सायलेन्सर आणि पत्राकाम मिळून ३१ हजार गेले. एजंटने गाडीची किंमत सांगितली २५ हजार!

समुद्राकाठी गाडी सांभाळणं काय असतं, हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळत नाही. शहरात गाडी ट्रॅफिकने म्हातारी होते, आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली, की ओल आतच राहते आणि पत्रा आतून कुजतो. वर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला कारभार आटोपलेला असतो. २०२५च्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं, तर खाली चक्क रस्ता दिसला! मग कुजलेला भाग कापा, नवा तुकडा वेल्ड करा.

पार्ट मिळतात हे नशीब. ८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्येच थांबलं, पण ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत आणि ऑल्टोतही होतं. त्यामुळे बरंच सामान अजून सापडतं. गॅरेजवाला म्हणतो, ‘ताई, इंजिनाची काळजी नको. पत्र्याची गॅरंटी मात्र मागू नका.’

खरी परीक्षा पेणच्या आरटीओत. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षं उलटलेल्या कारसाठी ही फी १० हजार झाली. वर पर्यावरण कर वेगळा. माझ्यासारख्या फ्रीलान्सरसाठी १० हजार म्हणजे दोन-तीन लेखांचं मानधन, तेही वेळेवर आलं तर!

पण कागद चाळताना एक गंमत दिसली. बाबा सत्तरीचे. त्यांचं लायसन्सही दर ५ वर्षांनीच रिन्यू होतं, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसह. गाडीची आणि त्यांची मुदत एकाच वर्षी संपत होती.

नवी गाडी घेऊया म्हणून मी त्यांना शोरूममध्ये नेलं होतं. टेस्ट ड्राइव्ह झाल्यावर चावी परत देत ते म्हणाले, ‘पुढचं टोक कुठे संपतं तेच कळत नाही गं. आता नवीन शिकायला नको.’ आठशेचे चारही कोपरे त्यांना न बघता कळतात. चौल-नागावच्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली, तरी बाबा शांत. त्याच एसटीची पायरी आईच्या गुडघ्यांना झेपत नाही. तिची फिजिओथेरपी, बँक, बाजार, सगळ्यासाठी अलिबागला तिला बाबाच नेतात. गाडी गेली की बाबांचं ड्रायव्हिंगही सुटणार. मग दोघंही प्रत्येक कामासाठी कुणाची तरी वाट बघत बसणार. आणि मी शंभराहून जास्त किलोमीटरवर.

अर्थात, आंधळं प्रेम नाही हं! या गाडीत ना एअरबॅग, ना एबीएस. म्हणून घरात करार केलाय. ब्रेक, स्टीअरिंग, टायर आणि पत्रा यांत काटकसर नाही. रंग आणि म्युझिक सिस्टिमवर एक रुपया नाही. गाडी दिवसाउजेडी आणि अलिबागपर्यंतच. मुंबई-गोवा हायवे बंद. आणि डॉक्टर किंवा गॅरेजवाला, दोघांपैकी एकानेही ‘नको’ म्हटलं, की त्याच दिवशी चावी खुंटीला.

फी मी भरली. नवं आरसी आलं तेव्हा बाबांनी चष्मा लावून तारीख वाचली. म्हणाले, ‘२०३०! म्हणजे हिच्यासाठी तरी मला धडधाकट राहायला हवं.’ दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी बंदरापर्यंत चालायला जातात. पायी!