पन्नाशीची वाट पाहणारी मॅटॅडोर

शहापूरपासून मुरबाडपर्यंत कुणालाही विचारा, माल वाहणाऱ्या छोट्या गाडीला सगळे टेम्पोच म्हणतात. मग ती टाटाची असो नाहीतर महिंद्राची. हे मुळात एका जर्मन गाडीचं नाव आहे. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाड्या ‘टेम्पो’ या नावाने विकल्या जायच्या. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी बजाजांच्या साथीने ‘बजाज टेम्पो’ सुरू केली. आधी तीनचाकी हॅन्सिट आली आणि मग चारचाकी मॅटॅडोर. २००५ मध्ये कंपनीने नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केलं. कंपनीने जुनं नाव टाकलं, लोकांनी मात्र ते ठेवून घेतलं.

आमच्या घरची मॅटॅडोर १९९०ची आहे. एमएच-०४ पासिंग, बंद बॉडी, मागे दोन दारं. आजोबांनी कर्ज काढून घेतली आणि काकांनी चालवली. पहाटे भेंडी-काकडी भरून कल्याणचा बाजार, दिवाळीनंतर भाताची पोती, उन्हाळ्यात गवताच्या गाठी, पौषात म्हशाच्या जत्रेला जाणारे दुकानदार आणि त्यांचा माल. मध्येच कुणाचं तरी वऱ्हाड. २०११ मध्ये तिचं फिटनेस संपलं, त्याच सुमारास घरात नवा पिकअप आला आणि मॅटॅडोर घरामागच्या शेडमध्ये गेली ती चौदा वर्षांसाठी.

बाबांचं म्हणणं सरळ होतं: भंगारवाल्याला वजनावर द्या. शेड मोकळी होईल. काका काहीच बोलत नसत, पण गिऱ्हाईक आलं की शेतावर निघून जात. मी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये काम करते, आठवड्यातले काही दिवस घरून. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला जुना कोड न मोडता चालता ठेवणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे म्हटलं, द्यायच्या आधी निदान उघडून तर बघू.

उघडल्यावर कळलं की ही गाडी किती विचार करून बांधलेली आहे. इंजिन दोन सीटच्या मध्ये, झाकणाखाली. ताकद पुढच्या चाकांना. त्यामुळे मागे जाणारा शाफ्टच नाही आणि मागची जमीन एकदम खाली. आई सांगते, भाजीचं क्रेट ती एकटी आत सरकवायची, उचलून द्यायला माणूस लागायचा नाही. याची दुसरी बाजू काकांना पाठ होती. मागे माल भरला की वजन मागे जातं, चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि पावसात जागच्या जागी फिरतात. “माळशेजला चढताना दोन जाड माणसं पुढं बसवायचो,” काका म्हणाले. “बारीक माणसाला मागं.”

इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं, ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर. हे ऐकून माझ्या ऑफिसातली पोरं खूश झाली. मला वेगळ्याच कारणासाठी बरं वाटलं. याच घराण्याचं इंजिन पुढे ट्रॅक्समध्ये आणि ट्रॅव्हलरमध्येही आलं, त्यामुळे सामान अजून मिळतं. नोझल तर इथून दोन-अडीच तासांवर नाशिकलाच बनतात, पूर्वीच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये.

चौदा वर्षं उभ्या इंजिनाला थेट स्टार्टर मारायचा नसतो. मिस्त्रींनी हीटर प्लग काढले, चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. मग पान्याने क्रँक हाताने फिरवला. आधी हलेना, मग बोटभर हलला, मग पूर्ण फिरला. टाकीतलं जुनं डिझेल काढलं, टाकी धुतली, फिल्टर बदलले, लाइनमधली एअर काढली. तिसऱ्या रविवारी गाडी चालू झाली. धूर इतका झाला की शेजारचे बघायला आले. काकांनी धुराकडे बघितलंच नाही, ते वाकून नुसता आवाज ऐकत होते. “तीन नंबर मिस मारतोय,” म्हणाले. नोझल तपासले, तिसराच खराब निघाला.

खरी पंचाईत बॉडीची होती. आमच्याकडचा पाऊस पत्र्याला सोडत नाही. डाव्या बाजूचा पत्रा खालून हातभर सडला होता, बोट लावलं तर आरपार जायचं. मिस्त्री म्हणाले, वरपर्यंत कापू, नवा पत्रा मारू, लांबी भरू, रंग देऊ, नवी दिसेल. त्याच वेळी घरात सूचनांचा पाऊस सुरू झाला. आत्येभावाला कॅम्पर व्हॅन हवी होती: बाजूला खिडक्या कापायच्या, आत पलंग टाकायचा. मला इलेक्ट्रिक किटचा मोह झाला होता. पण असं किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मंजूर केलेलंच लागतं. मनाला येईल तशी मोटार बसवता येत नाही. शिवाय मूळ रचनेबाहेर गाडीत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

नियम वाचता वाचता मला २०२१चा व्हिंटेज गाड्यांचा नियम सापडला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यासाठी वेगळी नंबर प्लेट मिळते. अट एकच पण मोठी: चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, त्यात मोठे फेरफार नकोत. आमची मॅटॅडोर मालगाडी म्हणून म्हातारी झालेली आहे आणि व्हिंटेज व्हायला अजून लहान आहे. तिची पन्नाशी २०४०ला. आज खिडक्या कापल्या की तो रस्ता कायमचा बंद.

मी हे जेवताना उत्साहाने सांगितलं: जशी आहे तशी जपू, २०४०ला व्हिंटेज करू. काकांनी विचारलं, “मग ती प्लेट लागल्यावर भाजी न्यायची का तिच्यातून?” नाही नेता येत. व्हिंटेज गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला काढायची नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, डिझेल भरणं, इतकंच. काका भात कालवत म्हणाले, “मी आता अडुसष्टचा. चाळीस साली त्र्याऐंशीचा होईन. तोवर मी काय करू, तिची पूजा करू? गाडी कामाची असते गं, देव्हाऱ्यातली नसते.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी जपायची ती नेमकी कुणासाठी, हा प्रश्न मी कागदावर कुठेच लिहिला नव्हता.

पत्रा कापायच्या आधी मी आतल्या बाजूची धूळ पुसली, तेव्हा पेन्सिलीचं लिखाण दिसलं. आजोबांचा आणि नंतर काकांचा हिशोब. तारीख, गाव, किती क्रेट, किती रुपये. मी टॉर्च धरून फोटो काढले आणि काकांना एकेक ओळ वाचायला लावली. मध्ये मध्ये वेगळ्या ओळी होत्या. ‘रात्री २, कल्याण, पैसे नाही.’ ‘पावसात, ठाणे, पैसे नाही.’ अशा अकरा मोजल्या. गावात दुसरी गाडी नव्हती तेव्हाचे पेशंट. कुणाला साप चावलेला, कुणी बाळंतपणात अडलेली. नावं कुठेच लिहिलेली नव्हती. मी विचारलं तर काका म्हणाले, “नाव लिहिलं की उधारी होते.”

आमच्या घरात एक जुनी कुरबुर आहे. मॅटॅडोरचे हप्ते शेवटी बाबांच्या पगारातून गेले, आणि काकांना व्यवहार कळत नाही हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. त्या संध्याकाळी बाबाही शेडमध्ये आले, चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या आणि म्हणाले, “म्हणजे मी बरोबरच बोलत होतो. ही गाडी कधी कमवतच नव्हती.” काका हसले. दुसऱ्या दिवशी बाबांनी मिस्त्रींना विचारलं, पत्रा कुठपर्यंत कापणार? मिस्त्रींनी खडूने रेघ मारून दाखवली. बाबांनी ती पुसली आणि वीतभर खाली, लिखाणाच्या खालून दुसरी मारली. जोड कठीण झाला, मजुरी वाढली. वाढलेली मजुरी बाबांनी दिली.

त्यानंतर आम्ही एकच नियम ठेवला: जे नवं बसवायचं ते परत काढता आलं पाहिजे. सडलेला पत्रा तेवढाच कापून त्याच जाडीचा आणि त्याच आकाराचा लावला. खिडक्या नाहीत. ब्रेकचे व्हील सिलिंडर, नळ्या, रबरं सगळी नवी, कारण त्यात भावनेला जागा नाही. सगळी वायरिंग नवी, प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज, मागे चमकणाऱ्या पट्ट्या. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून लाकडी पेटीत ठेवला. इंजिन जागचं हललं नाही. २०४०चं दार उघडं राहिलं आणि आजचं कामही अडलं नाही. दोन्ही पूर्ण साधलं असं मी म्हणणार नाही. चकचकीत गाडी पाहायला आलेले लोक बाहेरचा ठिगळाचा जोड बघून नाक मुरडतात.

कागदांचं काम अजून चालू आहे. फिटनेस तपासणी झाल्याशिवाय ती रस्त्यावर जाणार नाही, तोवर अंगणापुरतीच. काकांची तक्रार फक्त सीटबेल्टची. त्यांनी आयुष्यात या गाडीत पट्टा लावलेला नाही, तो पोटाला काचतो.

“हा २०४०ला काढशील ना?” त्यांनी विचारलं.

“काढू,” मी म्हटलं. “चार बोल्ट आहेत. पण तोवर लावायचा.”

त्यांनी लावला.